घरगुती लाइव्हवेल: नाशिकच्या उन्हात आमिष काठापर्यंत जिवंत कसं न्यायचं

दारणाकाठ

नमस्कार मंडळी. मरळ मासा धरण्याच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की जिवंत आमिष ओढ्यावरून धरणापर्यंत नेता तरी कसं. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते मूळ धाग्यापेक्षा लांबायला लागलं. म्हणून हा वेगळा संसार.

पहिल्यांदा एक गोष्ट. इंटरनेटवर लाइव्हवेल (आमिषाचे मासे जिवंत ठेवायची टाकी) म्हणून जे दिसतं ते बहुतेक बोटीतलं असतं. खालून तळ्याचं ताजं पाणी ओढायचं, टाकीत फवारायचं, जास्तीचं परत तळ्यात सोडायचं. आपल्यातल्या किती जणांकडे बोट आहे? आपल्याकडे मोटारसायकल, फार तर गाडीची डिकी. आपला प्रश्न आहे तो वाटेतल्या दीड-दोन तासांचा. सकाळी ओढ्यावर बारके मासे धरले, महामार्गाने विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी करत वैतरण्याला पोचलो, झाकण उघडलं तर निम्मे उताणे. काठावर गेल्यावर टाकीचं काम जवळपास संपतंच. जाळीची पिशवी पाण्यात सोडली की धरणच त्यांना सांभाळतं. म्हणून टाकी प्रवासासाठी बांधा, मुक्कामासाठी नको. छोटी, गार, आणि दोन हातांनी उचलता येईल अशी.

आता मासे मरतात का? सगळे म्हणतात ऑक्सिजन संपला. अर्धं खरं. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि हे आकडे समुद्रसपाटीचे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, त्यामुळे आणखी सहा-सात टक्के वजा करा. दुसऱ्या बाजूला पाणी १० अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची भूक साधारण दुप्पट होते. म्हणजे घरात दाणे कमी आणि खाणारी तोंडं डबल. एप्रिलमध्ये काळ्या सीटवर बांधलेल्या बादलीत तुम्ही कितीही बुडबुडे सोडा, गणित जुळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पैसे आधी उष्णता रोखण्यावर घाला, उरले तर पंपावर.

माझी टाकी अशी. आत २० लिटरची गोल, घट्ट झाकणाची नवीन प्लॅस्टिकची बादली. गोलच हवी. चौकोनी आइस बॉक्समध्ये मासे कोपऱ्यात नाक खुपसून एकमेकांवर चढतात, खवले निघतात आणि मग तिथे पाणी कितीही चांगलं असो, उपयोग नाही. बादलीभोवती एसीच्या पाइपावर लावतात ते काळं नायट्राइल रबर दोन थर गुंडाळलंय. एसी फिटरकडे तुकडे पडलेले असतात, चहा पाजून मिळतात. तळाला थर्माकोल, आणि हे सगळं भाजीच्या क्रेटमध्ये बसवलेलं. क्रेटमुळे कॅरिअरला बांधायला सोपं जातं आणि दोरी बादलीच्या अंगावर येत नाही.

आत १२ व्होल्टचा बारका सबमर्सिबल डीसी पंप. ताशी २४० लिटरचा म्हणून मिळतो तो, ४-५ वॅटचा. पंपाच्या तोंडाला अॅक्वेरियमचा स्पंज, नाहीतर शेपट्या आत ओढल्या जातात. पंपातून ८ मिमीची नळी वर, तिला बादलीच्या आतून तोंडाला आडवा बसवलेला सीपीव्हीसी पाइपचा तुकडा, दुसऱ्या टोकाला कॅप. त्या पाइपाला २ मिमीची भोकं, एका ओळीत, फक्त दहा. इथे हात आवरा. भोकं वाढवली की धारा मलूल होतात आणि पाणी नुसतं पाझरतं. दहा भोकांतून धार पाण्यावर नीट फुटते, आणि फुटते म्हणूनच हवा मिसळते. पाइप किंचित तिरका फिरवला की बादलीतलं पाणी हळूहळू गोल फिरायला लागतं. मासे त्या प्रवाहाला तोंड करून एका रांगेत उभे राहतात, जागच्या जागी पोहत. हे दिसलं की समजायचं, टाकी जमली.

तळाच्या वर अर्ध्या इंचाचं टँक निपल (बादलीच्या भिंतीतून नळ जोडायचा तुकडा), त्याला बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप मारून. पाणी बदलताना बादली उलटी करावी लागत नाही. झाकणाला हात जाईल एवढी खिडकी कापली आहे आणि मासा काढायला चहाची मोठी गाळणी. जाळीपेक्षा गाळणी बरी, पर अडकत नाहीत. शिवाय झाकणाला चार बारकी भोकं, ती का ते खाली विचारतीलच कुणीतरी.

सध्या १४-१५ लिटर पाण्यात बोटाएवढे १५ ते २० मासे, त्याच्या वर नाही.

शाकाहारी शेरू

मला वाटलं लाइव्हवेल म्हणजे काहीतरी विहीर. मासे मारण्यासाठी आधी त्यांना एवढं जपायचं! पुढच्या जन्मी मी नाशकात दांडवण (आमिषाचा बारका मासा) होणार, निदान दोन तास एसीत.

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

दारणाकाठ

@शाकाहारी शेरू, चेष्टा मान्य. पण उन्हात बादलीत तडफडून मरण्यापेक्षा हे बरं, इतकंच माझं म्हणणं. पुढचा वाद इथे नको, धाग्याचं काश्मीर होईल.

नवखा_सिडको

दंडवत दादा. वाचनखूण साठवली. एक शंका. घरी जुना बॅटरीवरचा फवारणी पंप पडून आहे, पाठीवरचा, १६ लिटरचा. आत १२ व्होल्टची बॅटरी आहे, मोटर आहे, टाकी आहे, नळी आहे. सगळं एकाच ठिकाणी तयार. फक्त नोझल काढून भोकाचा पाइप लावला तर?

निफाडची थंडी

@नवखा_सिडको थांब भाऊ, थांब!

द्राक्षाचा माणूस म्हणून सांगतो. बॅटरी काढून घे, खुशाल वापर. बहुतेक पंपांत ८ अँपिअर-तासाची असते, चांगली चालते. पण टाकी, नळी, मोटर, यातलं काहीही माशाच्या पाण्याला लावू नको. लॅम्बडा सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटाची औषधं माणसाला जेवढी त्रासदायक त्याच्या कितीतरी पट माशाला घातक. एक लिटर पाण्यात मायक्रोग्रॅमच्या हिशेबात सुद्धा मासा मरतो. आणि ती प्लॅस्टिकला आणि रबराच्या वॉशरला धरून बसतात. तीनदा काय, तीसदा धुतलं तरी मी भरवसा देणार नाही. आमच्याकडे शेततळ्यात मासे सोडणारे शेतकरी फवारणीचा पंप तळ्याच्या बांधावर ठेवतसुद्धा नाहीत.

तोच नियम अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या भंगारातून येणाऱ्या निळ्या ड्रमला. आत काय होतं ते दुकानदाराला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तो सांगणार नाही.

मत्स्यगंधा

+१ निफाडची थंडी. आणि रंगाच्या बादलीलाही. पाण्याच्या रंगात बुरशी धरू नये म्हणून औषध असतं. नवीन बादली दीड-दोनशेला मिळते, त्यात कंजूषपणा नको.

घरी बरीच वर्षं अॅक्वेरियम आहे, त्यातून दोन-चार गोष्टी सांगते.

झाकणाच्या भोकांबद्दल दारणाकाठ यांनी लिहिलंय ते बरोबरच, पण त्यामागचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. घट्ट बंद डब्यात ऑक्सिजन संपण्याआधीच कार्बन डायऑक्साइड साठतो. पाण्यात तो जास्त झाला की माशाच्या रक्ताची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद कमी होते. म्हणजे ऑक्सिजन आहे, पण घेता येत नाही. म्हणून हवा आत यायला जेवढी जागा हवी, तेवढीच बाहेर जायलाही. पाण्याच्या पृष्ठभागावर धार फुटते त्याचा दुसरा फायदा हाच, वाईट वायू बाहेर पडतो.

दुसरं, पाणी. नळाचं थेट ओतू नका. महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि ते कल्ले जाळतं. रात्रभर उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं तर मोकळं क्लोरिन उडून जातं. घाई असेल तर अॅक्वेरियमच्या दुकानात अँटीक्लोरिन मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दोन-चार थेंबांत काम. पण सगळ्यात उत्तम म्हणजे जिथे मासे धरले तिथलंच पाणी भरून घ्या. तापमान तेच, क्षार तेच, माशाला काही नवीन नाही. बोअरचं पाणी टाळा. ते दिसायला नितळ असतं, पण जमिनीखालून आल्यामुळे त्यात ऑक्सिजन फारच कमी. वापरायचंच झालं तर आधी तासभर पंप चालवून घ्या.

तिसरं, उपास. मत्स्यबीजवाले पिल्लं पॅक करण्याच्या आदल्या दिवसापासून त्यांना खायला देत नाहीत. पोट रिकामं असलं की वाटेत घाण कमी, घाण कमी म्हणजे अमोनिया कमी. तुम्ही ओढ्यावर धरून लगेच नेता तेव्हा हे जमत नाही हे कळतं, पण आदल्या संध्याकाळी धरत असाल तर रात्री भाताची शितं टाकायचा मोह आवरा.

आणि मीठ. साधं खडेमीठ, लिटरला २ ते ३ ग्रॅम. १५ लिटरला दोन मोठे चमचे. ओरबाडलेल्या माशाला फार उपयोग होतो, त्याच्या शरीरातले क्षार बाहेर पाझरायचे थांबतात. आयोडीनचं चवीचं मीठ मात्र नको.

वाइंडर

मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे बॅटरीवर बोलायचा मला हक्क आहे 😄

दारणाकाठ, पंप ४.२ वॅटचा धरला तर १२ व्होल्टला ०.३५ अँपिअर ओढणार. यूपीएसची ७ अँपिअर-तासाची लेड अॅसिड बॅटरी कागदावर २० तास देईल. पण लेड अॅसिड निम्म्याच्या खाली उतरवत गेलात तर ती वर्षभरात बसते. म्हणून हिशेब १० तासांचा धरा. दोन तासांच्या प्रवासाला भरपूर आहे. ज्यांना मोठा बिल्ज पंप (बोटीतलं पाणी उपसायचा) बसवायची हौस आहे त्यांनी ऐका. तो दोन-अडीच अँपिअर खातो. तीच बॅटरी दीड तासात निम्मी. मग टायमर लावा, मिनिटभर चालू तीन मिनिटं बंद, असा खेळ. आणि एवढ्या जोराच्या पाण्यात बोटाएवढा मासा वॉशिंग मशीनमध्ये पडल्यासारखा गरगरतो. गरज काय?

वजनाचा प्रश्न आहे. ७ अँपिअर-तासाची लेड अॅसिड दोन-सव्वादोन किलो. मोटारसायकलवर १५ लिटर पाणी आधीच आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२६५० आकाराचे चार सेल सिरीजमध्ये लावले की १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तास, वजन अर्धा-पाऊण किलो. सोलर दिव्यात वापरतात तेच. बीएमएस (सेल जास्त चार्ज किंवा जास्त रिकामे होऊ न देणारा) बोर्ड बसवल्याशिवाय वापरू नका आणि चार्जर १४.६ व्होल्टचाच. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून जोडाजोडी करणारे दोघेतिघे येऊन गेलेत दुकानात, त्यांना मी हात जोडतो. ते सेल वेगळ्या जातीचे, आग लागते.

नवखा_सिडको

वाइंडर दादा, पॉवर बँकवर नाही चालणार का? माझ्याकडे १०,००० ची आहे.

वाइंडर

पंप नाही, पण यूएसबीचा एअर पंप चालेल. अॅक्वेरियमचा मिळतो, एक-दीड वॅटचा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास, व्होल्टेज चढवताना काही जातं, हातात २५ पडतात. म्हणजे १५-२० तास. काही पॉवर बँक इतका कमी लोड पाहून फोन चार्ज झाला असं समजतात आणि बंद पडतात. घरी अर्धा तास लावून बघ, मगच घाटात जा.

माझं म्हणशील तर दोन्ही ठेव. पंप मुख्य, एअर पंप राखीव. वाटेत वायर निखळली तर कळायला मागे डोळे नसतात.

जुना गळ

तुमची सगळ्यांची विद्वत्ता वाचली. आम्ही मातीच्या माठात मासे न्यायचो. वर ओलं फडकं. सायकलवर, गंगापूर धरणापर्यंत. मेले नाहीत. बॅटरी नाही, बीएमएस नाही.

दारणाकाठ

काका, तुमचा माठ म्हणजे माझ्याच मुद्द्याला पुरावा आहे. माठ पाझरतो, बाहेरून पाणी उडतं, आतलं गार राहतं. त्यात मासे किती असायचे, पाच-सहा? म्हणजे कमी मासे आणि गार पाणी. पंपाशिवाय जमलं ते याच दोन गोष्टींमुळे.

मी रबराच्या वरून किंतान गुंडाळून ओलं करतो ते त्याचसाठी. मार्च ते मे नाशिकची हवा कोरडी असते, गाडी चालू असली की वारा लागतो आणि किंतान जोरात वाळतं. वाडीवऱ्ह्याला थांबून एकदा पाणी मारायचं. पावसाळ्यात ह्याचा काही उपयोग नाही, हवेतच ओल असते.

जुना गळ

सहाच असायचे. मरळीला सहा पुरतात. तुम्हाला वीस कशाला लागतात?

घोटीकर

😂😂 काकांनी विकेट काढली.

मी काठावरचा माणूस, मला प्रवास नाही. पण एक सांगायचं आहे. मुंबईची आणि नाशिकची मंडळी वैतरण्याला येतात, बर्फाची लादी फोडून थेट बादलीत टाकतात. पाणी २८ वरून १८ वर, पाच मिनिटांत. मासे लगेच आडवे. त्यांना वाटतं गारव्याने झोपले. झोपले नाहीत, गेले. आणि बर्फ नळाच्या पाण्याचा, त्यातलं क्लोरिन वेगळंच.

बर्फ वापरायचा तर पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून तरंगत ठेवा. एका वेळी एकच. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक एकदम पडू देऊ नका. काठावर पोचल्यावरही तेच. पिशवी धरणात सोडायच्या आधी बादलीत धरणाचं पाणी थोडं थोडं ओता, पंधरा-वीस मिनिटं. कडेचं उथळ पाणी दुपारी तापलेलं असतं, तिथलं नका घेऊ. दगडावरून खोल हात घालून घ्या.

मत्स्यगंधा

घोटीकर, हे सोन्यासारखं लिहिलंत. अगदी हेच मी लिहिणार होते.

पाणी खराब झालंय हे ओळखायचं कसं, ते पण सांगून टाकते. वर फेस धरायला लागला, बोटाने मोडला तरी परत येतो, पाण्याला किंचित चिकटपणा, म्हणजे माशांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा सुटतोय. एक तृतीयांश पाणी खालच्या व्हॉल्व्हने काढा आणि नवीन घाला. सगळं बदलू नका. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. तेव्हा पाणी बदलण्याबरोबर काही मासे कमी करा. मेलेला एकही मासा आत ठेवू नका, तोच बाकीच्यांना घेऊन जातो.

ओल्या हातानेच मासा धरायचा, हे सांगायला हवं का? सांगतेच.

निफाडची थंडी

दुसरा एक पर्याय कुणी बोललं नाही. शेततळ्यासाठी मत्स्यबीज आणतो ते प्लॅस्टिकच्या पिशवीत येतं. एक तृतीयांश पाणी, बाकी पिशवीत शुद्ध ऑक्सिजन, तोंडाला रबर. दुहेरी पिशवी, बाहेरून खोका. कित्येक तासांच्या प्रवासातून पिल्लं ठणठणीत उतरतात. ना पंप, ना बॅटरी. अॅक्वेरियमच्या दुकानात सिलिंडर असतो, ओळख असेल तर भरून देतात.

दारणाकाठ

@निफाडची थंडी, एकदाच उघडायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पिशवी सोडली की ऑक्सिजन गेला. आमचं असं की एका ठिकाणी बसलो, काही लागलं नाही, उठून दुसऱ्या टोकाला गेलो. त्याला टाकीच लागते. आणि सकाळी सहाला ओढ्यावर सिलिंडर कुठून आणू?

पण ज्यांना वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जायचं आहे त्यांनी टाकी बांधायच्या भानगडीत पडू नये. पिशवीच न्यावी. हे धाग्यात वर टाकतो.

नवखा_सिडको

झिंगे ह्यात ठेवता येतात का? आणि गांडुळं?

घोटीकर

गांडुळं पाण्यात?? अरे बाबा, ओली माती आणि थोडा पालापाचोळा, डब्याला भोकं, सावलीत ठेव. दिवसभर जगतात.

झिंग्याला मात्र पाणी आणि हवा माशापेक्षा जास्त लागते. आणि ते एकमेकांना खातात, कात टाकलेला तर पहिल्यांदा जातो. नारळाचा काथ्या धुऊन टाक आत, धरून बसायला. मासे आणि झिंगे एकत्र नकोत.

मरळीबद्दलही एक. बारकी मरळच आमिष म्हणून नेत असाल तर ती पाण्यावर येऊन हवा घेते. तिला पंप नसला तरी चालतं, पण वर हवेची जागा हवीच. बादली काठोकाठ भरून झाकण लावलं तर ती बुडून मरेल, हसू नका, खरं आहे. आणि ती उडी मारते. खिडकीला झाकण लावा.

शाकाहारी शेरू

बुडून मरणारा मासा! आजचा दिवस सार्थकी लागला.

मत्स्यगंधा

शेरू, मरळीला कल्ल्यांवरची पोकळी असते, हवेतून श्वास घ्यायला. तिला वर येऊ दिलं नाही तर खरंच गुदमरते. पाठ करून ठेवा, पुढच्या जन्मी दांडवण व्हायचं नसेल तर मरळ व्हा 🙂

जुना गळ

एक गोष्ट तुम्ही सगळे विसरलात. उरलेलं आमिष.

पूर्वी ज्या ओढ्यातलं ते त्याच खोऱ्यात वापरायचो. आता कुणीतरी कुठल्यातरी तळ्यातली चिलापी आणतो, संध्याकाळी उरली की "जीव वाचवला" म्हणून धरणात सोडतो. अशाच चिलाप्या वाढून बसल्या सगळीकडे. ती पिल्लं तोंडात सांभाळते, दुसऱ्याची अंडी खाते, आणि एकदा शिरली की निघत नाही. थाई मांगूरचं तेच. बंदी आहे तरी लोकांकडे असतोच. दुसऱ्या पाण्यातला मासा इथल्या पाण्यात सोडू नका. जीव वाचवल्यासारखं वाटतं, शंभर जीव घालवता.

दारणाकाठ

काका, शंभर टक्के. उरलेले मासे जिथून आणले तिथे परत, किंवा घरी खाणारं कुणी असेल तर घरी. आणि टाकीचं पाणीसुद्धा धरणात ओतू नका. झाडाला घाला. पाण्यातून पण रोग आणि अंडी जातात.

परवानगीचं पण लिहून ठेवतो, नाहीतर कुणीतरी अडकेल. बहुतेक धरणांतल्या मासेमारीचा ठेका मत्स्य सहकारी संस्थांकडे असतो. त्यांच्या माणसाला विचारून, पावती असेल तर घेऊन बसायचं. गळाला बरेचदा आडकाठी नसते, पण विचारायचं. नांदूरमधमेश्वर मात्र अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळ घेऊन जायचा विचारही नको. बंधाऱ्याच्या कडेने दुर्बीण घेऊन फिरा, पक्षी बघा. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंड्यावर असतात, तेव्हा आम्ही बसत नाही. ज्याला त्याला पटेल तसं.

वाइंडर

सगळं झालं, पण एक तांत्रिक. पाणी हिंदकळतं त्याचं काय केलंत? कसारा घाटाकडे जाणाऱ्या माझ्या मित्राच्या डिकीत निम्मं पाणी सांडलं आणि बॅटरी त्याच डिकीत होती.

दारणाकाठ

निघताना बादली जवळजवळ भरून घ्यायची, तीन-चार बोटं हवा ठेवून. अर्धी बादली जास्त हिंदकळते, भरलेली कमी. चालत्या गाडीत नुसता एअर स्टोन लावून नेलं तरी चालतं, कारण रस्ताच पाणी ढवळत असतो. धारेचा पाइप थांबल्यावर चालू करायचा. तेव्हा व्हॉल्व्हने थोडं पाणी काढलं की धार उंचावरून पडते.

बॅटरी वेगळ्या डब्यात, बादलीपेक्षा वरच्या पातळीवर. माझी सीटखालच्या बॅगेत असते, वायर तिथून मागे येते. वायरला खाली एक झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळातून खाली पडतं, जोडापर्यंत जात नाही.

नवखा_सिडको

दादा शेवटचं. टँक निपल गळतंय. एम-सील लावलं तरी.

वाइंडर

बादलीची भिंत गोल आहे, निपलचा वॉशर सपाट. म्हणून. भोक होल सॉने पाडलंस की गरम सळईने? सळईचं भोक कधी गोल होत नाही. जाड रबरी वॉशर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लाव, नट हाताने आवळून मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. जास्त आवळलंस तर बादली वाकते आणि परत गळते. एम-सील लावायची गरजच पडायला नको. रविवार कारंज्याच्या बाजूला नळाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे जाड वॉशर माग, निपलबरोबर येतो तो पातळ असतो.

आणि पंपाच्या वायरला ३ अँपिअरचा फ्यूज टाक. पॉझिटिव्हला, बॅटरीच्या अगदी जवळ, पंपाकडे नाही.

नवखा_सिडको

वॉशर आणले. थांबलं गळायचं. पाण्याने भरून रात्रभर गच्चीवर ठेवली, खाली थेंब नाही.

आता मासे कोण धरून देणार?

घोटीकर

ये घोटीला. सहाच धरू.